स्तामाता आत्याची हाडं

थोदोरिस वेनेरिसने तो विषय काढला तो स्वतःच्या नामदिनाच्या, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाच्या, जेवणावर, लिंबू पिळलेले बटाटे मुलीच्या ताटात वाढता वाढता.

"अँथी, तुझ्या आत्याची हाडं काढायला झाली," तो म्हणाला. "तिला ना नवरा ना मूल. आपल्याशिवाय कोण काढणार? डॉक्टर मला विमानात बसू देत नाही. तू जा."

 अँथियाने पाण्याचा घोट घेतला आणि बघू म्हणाली. म्हाताऱ्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याच्या ग्रीक बेटावर माती कमी आणि मेलेले फार. म्हणून काही वर्षं झाली की घरचं माणूस कबर उकरतं, हाडं वाइनने धुतं आणि लाकडी पेटीत भरून ठेवतं. हे काम भाडोत्री माणसाकडून करवून घेणं म्हणजे शेजारणीला सांगून आईला अंघोळ घालून घेणं. त्यामुळे बघायचं काय, ते त्याला कळेना. परसातल्या मांडवावरच्या द्राक्षांची त्याने स्वतः केलेली वाइन त्याने आधीच एका बाटलीत भरून, बूच मारून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती.

कुरंबिन हे न्यू साउथ वेल्समधलं गव्हाचं गाव, आणि तिथल्या एकुलत्या एक मोठ्या रस्त्यावरचं सनराइज कॅफे थोदोरिसचं. सगळा जन्म त्याने तिथे मेंढपाळांना अंडी-चॉप्स आणि त्यांच्या पोरांना मिल्कशेक खाऊ-पिऊ घातले. आता कॅफे बंद होतं, पण म्हातारा मागच्या स्वयंपाकघरातच राहायचा आणि सकाळी सवयीने पुढचं दार उघडून फूटपाथ झाडायचा. मुलगी सिडनीला असे. अँथिया वेनेरिस हे नाव एव्हाना देशभरातल्या वाचणाऱ्यांना ठाऊक झालं होतं. बाई कादंबऱ्या लिहायची आणि त्या सगळ्या युरोपात घडायच्या. दर दोन-तीन वर्षांनी ती तिकडे जाई, त्रिएस्तला नाहीतर लिस्बनला स्वस्तातली खोली घेई, खिडकीजवळचं टेबल ओढून भिंतीला लावी आणि लिहायला बसे. बाहेर अख्खा युरोप पसरलेला आणि ही भिंतीकडे तोंड करून. हे ती कुणाला सांगत नसे. नव्या लेखकांच्या शिबिरांत ती सांगे ते वेगळंच. बसमधून उतरल्याशिवाय गावाबद्दल लिहू नका, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. त्यावर टाळ्या पडत.

खरी गोष्ट अशी होती की एका बसमधून ती उतरली नव्हती.

थोदोरिस आणि त्याची धाकटी बहीण स्तामाता यांच्यात उभ्या जन्माचा अबोला होता, आणि चूक थोदोरिसची होती. बेटावरची रीत अशी की बहीण उजवल्याशिवाय भावाने बोहल्यावर चढायचं नाही. तो ऑस्ट्रेलियाला आला तोच मुळी बहिणीचं लग्न करून द्यायला. आला, आणि कॅफेतल्या मेव्हिस नावाच्या वाढपिणीच्या प्रेमात पडून वर्षभरात संसार थाटून बसला. बेटावर स्तामाताची सोयरीक ठरत आली होती ती मोडली. मुलाकडच्यांनी म्हटलं, सख्ख्या भावाला जिची पर्वा नाही तिची आम्ही का करावी? तिने भावाला एकच निरोप पाठवला, की मला भाऊ नाही. त्यानंतर त्याने पाठवलेलं प्रत्येक पाकीट न फोडता परत आलं. मेव्हिस सोशिक होती. मरण्याआधी तिने नणंदेसाठी इथल्या मेंढीच्या लोकरीची एक शाल विणून ठेवली.

काही वर्षांमागे अँथिया अशीच युरोपला निघाली तेव्हा म्हाताऱ्याने ती शाल तिच्या हातात दिली होती. बेटावर जा, म्हणाला, आणि तिला सांग, थोदोरिस चुकला. एवढंच सांग. तिने काही म्हटलं तर ते मला येऊन सांग.

अँथिया हो म्हणाली आणि त्रिएस्तला जाऊन लिहीत बसली. खोली थंड होती म्हणून शाल गुडघ्यांवर घ्यायला लागली. बेट आज-उद्या करत शेवटच्या आठवड्यावर गेलं. अनोळखी म्हातारीच्या दारात उभं राहून बापाचं पाप कबूल करायचं, हे तिला नको होतं. शेवटी ती बोटीने बेटावर पोहोचली, आणि शाल त्रिएस्तच्या खुर्चीवर राहिल्याचं तिथे तिच्या लक्षात आलं. बंदरावरून बस गावात आली, चौकात थांबली. समोरच विजेच्या खांबावर मयताचा कागद डकवलेला होता. कॅफेच्या टेबलावर बापाने शिकवलेली अक्षरं ती हळूहळू वाचू शकायची. वर क्रूस, खाली ठळक अक्षरांत आत्याचं पूर्ण नाव, आडनाव बायकांना लागतं तशा रूपात: स्तामातिया वेनेरी.

ड्रायव्हरने विचारलं, उतरायचंय का? ती नाही म्हणाली.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग वाईट वाटलं, आणि ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून वाटलं. बस तशीच पुढच्या गावांना वळसा घालून बंदरावर आली आणि ती संध्याकाळच्या बोटीने परतली.

कुरंबिनला म्हातारा जुना सूट चढवून बसथांब्यावर येऊन उभा होता. भेटली का, त्याने विचारलं. त्या चेहऱ्याला नाही म्हणणं अँथियाला जमलं नाही. भेटली बाबा, ती म्हणाली, शेवटच्या दिवशी भेटली. खोटं बोलायला हा एकच शब्द तिने स्वतः काढला. पुढचं तिच्या धंद्याने केलं. अंधारी खोली, खिडकीतली तुळस, म्हातारीचा हात, सगळं आपोआप आलं. आत्या म्हणाली, त्याला सांग, मी केव्हाच माफ केलंय. मग तिने डोळे मिटले. शाल आपण तिच्या अंगावर घातली, तिच्याबरोबर मातीत गेली.

थोदोरिस भर रस्त्यात रडला. सिडनीच्या गाववाल्यांना त्याने फोन केला तर तेही म्हणाले, हो, स्तामाता गेल्याचं आमच्याही कानावर आलंय. त्याने कॅफेतल्या मोठ्या पातेल्यात गहू उकडले, त्यात साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घातले, चर्चमध्ये नेऊन श्राद्ध घातलं. अँथियाने त्याच्या शेजारी उभं राहून ते गहू खाल्ले. त्यानंतर म्हातारा बदललाच. रात्रीची झोप लागायला लागली. फूटपाथ झाडताना गुणगुणायचा. आणि अँथियाने ती खोली, ती तुळस, ती शाल, ती माफी कादंबरीत घातली. कादंबरीला बक्षीस मिळालं, सात भाषांत गेली. लोक तिला थांबवून सांगत, त्या शालीच्या प्रकरणाला आम्ही ढसाढसा रडलो. ती मान लववून आभार मानायची. आतून मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं व्हायचं.

तर आता हाडं. बघू बघू म्हणत तिने वसंत ऋतू काढला. पण म्हातारा दर रविवारी फोनवर तेच विचारी, आणि त्याचा दम लागलेला आवाज तिला ऐकवेना. एकदा खोटं बोलले, निदान हाडं तरी खरी धुवावीत, असं मनाशी म्हणत ती वाइनची बाटली घेऊन निघाली.

या वेळी ती बसमधून उतरली. खांबावर दुसऱ्याच कुणाचा कागद होता. चौकातून चढ चढून ती दफनभूमीवर गेली. तिथे एक तरणा पाद्री बाह्या सरसावून भिंतीला चुना लावत होता. तिने स्तामाता वेनेरीची कबर विचारली.

"कुठली स्तामाता?" पाद्री म्हणाला. "आमच्याकडे स्तामातांना तोटा नाही. आणि वेनेरिस तर अर्धं गाव आहे. कुणातली?"

बापाच्या घराला बेटावर काय म्हणतात ते अँथियाला ठाऊक होतं. कादंबरीतही तिने ते घातलं होतं.

"चिमण्यांची," ती म्हणाली.

पाद्र्याचा कुंचला थांबला. "नालबंदांची म्हणायचंय तुम्हाला. ती गेली ना काही वर्षांमागे. तिची हाडं तिच्या मुलांनी काढलीसुद्धा, ती काय त्या कपाटात. चिमण्यांची स्तामाता आज सकाळीच इथे येऊन गेली. चुना पातळ झालाय म्हणाली. मला नाही नाही ते बोलली."

अँथिया तिथेच पायरीवर बसली. बेटावर पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवतात हे तिला का ठाऊक नव्हतं? ती स्वतः आजीच्या नावाची होती. आजोबा आणि त्यांचा नालबंद भाऊ, दोघांच्याही पहिल्या मुलींना एकाच आजीचं नाव मिळालं होतं. एकाच नावाची, आडनावाची माणसं इतकी की घराण्याचं टोपणनाव लावल्याशिवाय इथे कुणाला हाकही मारता येत नाही, आणि मयताच्या कागदावर ते नावाखाली, दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरांत लिहितात. बसच्या खिडकीतून दिसली होती ती पहिली ओळ. दुसरीसाठी उतरायला हवं होतं.

पळून जावं असं तिला वाटलं. बस अजून चौकात उभी होती. पण पाद्री तिच्याकडे बघत होता आणि बाटली तिच्या हातात होती. तिने घर विचारलं.

स्तामाता आत्या अंगणात, उंबरठ्याच्या दगडावर बदाम फोडत बसली होती. काळा झगा, काळा रुमाल, आणि थोदोरिसचंच नाक. तिने पाहुणीकडे पाहिलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटलीकडे पाहिलं आणि हातातला दगड खाली ठेवला.

"आलीस?" ती म्हणाली. "उशीर केलास. हाडं तीन वर्षांत काढतात."

अँथिया बाटली छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"बस. उभी राहून काय होणार? तुझं पुस्तक आलं इथे, आपल्या भाषेत. मास्तरीणबाईंनी कॉफीच्या दुकानात अख्ख्या गावाला वाचून दाखवलं. माझं मरण आलं तेव्हा शेजारीण रडली. मीही रडले. चांगली मेले गं मी. मग म्हटलं, आता ही येईल. चिमण्यांची पोर आहे, बाकी सगळं विसरेल, पण हाडांना आल्याशिवाय राहायची नाही. तेव्हापासून वाट बघतेय."

"मला वाटलं तुम्ही खरंच गेलात," अँथिया म्हणाली. "मी आले होते. खांबावर कागद होता. बसमधून नाव वाचलं. खाली उतरले नाही."

हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. सांगताना तिला आपलाच आवाज एखाद्या शाळकरी पोरीसारखा वाटला.

आत्याने मान वळवून खाली चौकाकडे पाहिलं. अँथियानेही पाहिलं. झाडाखाली थांबलेली बस अंगणातून स्पष्ट दिसत होती. खिडक्यांतली माणसंसुद्धा दिसत होती.

"मी इथेच बसलेली असेन तेव्हा," आत्या म्हणाली. "दुपारची मी इथेच असते."

अँथियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती काहीबाही माफीचं बोलू लागली तर म्हातारीने हात वर करून तिला गप्प केलं.

"मारलंस त्याचं काही नाही. सगळेच मरतात. माझं श्राद्धही जेवली असशील." अँथियाने मान खाली घातली. "गोड होतं ना? थोदोरिस साखर फार घालतो. पण माझ्या तोंडून माफी कशी वदवलीस तू? मी ती केलेली नाही. तो गेला, लग्न गेलं, पोरं झाली नाहीत, सगळं गेलं. त्याला माफ करायचं की नाही, एवढं एकच माझ्या हातात उरलं होतं. ते मी सांभाळून ठेवलं होतं. तू न विचारता उचललंस आणि सात भाषांत वाटून टाकलंस."

 बक्षीस घेताना केलेलं भाषण अँथियाला आठवलं. उधार घेतलेल्या दुःखाचं ऋण, असं काहीतरी ती त्यात बोलली होती. 

आत्याने बाटली मागून घेतली. कागद सोडवला, बूच दातांनी उपटलं आणि आतून दोन पेले आणले. "हाडं धुवायला आणलीस ना? मग धुऊ. आतूनच धुऊ." तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट. त्याला कधीच जमली नाही." तरी पेला तिने पुरता संपवला. मग गुडघ्यांवर हात रेटून उठली.

"चल, फोन लाव त्याला."

अँथियाने हातापाया पडायचं बाकी ठेवलं. बाबांचं हृदय कमजोर आहे, म्हणाली. मी घरी जाऊन, समोर बसून, हळूहळू सांगते. आत्या रुमाल बांधत होती.

"तू हळूहळू सांगायला लागलीस की काय होतं ते वाचलंय मी," ती म्हणाली.

कॉफीच्या दुकानात भिंतीवर फोन होता. पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी पानं उपडी ठेवली आणि उघडउघड कान दिले. तिकडे कुरंबिनला जेवणाची वेळ झाली होती. पहिल्याच घंटेला थोदोरिसने फोन उचलला. धुतलीस का, त्याने विचारलं.

"बाबा, आत्या जिवंत आहे."



"मग तू पुरलंस कुणाला?"

"कुणालाच नाही. मी तेव्हा बसमधून उतरलेच नव्हते. मी तिला भेटले नाही, बाबा."

"आणि शाल?"

"राहिली. त्रिएस्तला, खोलीत."

पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. माफीचा प्रश्न त्याच्या ओठांवर आला असणार, अँथियाला तो फोनमधून ऐकू आल्यासारखा वाटला. पण तेवढा त्याने गिळला. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"तिला दे," तो म्हणाला. मुलीशी तो एवढंच बोलला.

आत्याने फोन दोन्ही हातांनी धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आधी नुसतं ऐकत होती. मग हं म्हणाली. मग पुन्हा हं. नाही, गुडघे दुखतात, बाकी काही नाही. बदाम यंदा बरे आहेत. मेव्हिस गेल्याचं पुस्तकातून कळलं. मग तिने फोन कानाशी आणखी दाबला. पत्तेवाल्यांपैकी एक खोकला तर बाकीच्यांनी त्याच्याकडे डोळे वटारले.

"हो, थोदोरी," शेवटी ती म्हणाली. "केलं. केव्हाच केलं. पोरीने लिहिलंय ते खरं आहे. झोप आता."

तिने फोन जागेवर ठेवला, दुकानदाराकडे न बघताच बाहेर पडली आणि चढाला लागली. अँथिया मागून धावतच गेली. तिचा जीव भांड्यात पडला होता, डोळे वाहत होते. आत्या, तुमचे उपकार कसे फेडू, असं ती म्हणाली. म्हातारी वाटेतच थांबली.

"माफ केलेलं नाही मी त्याला," ती म्हणाली.

"पण तुम्ही आत्ता..."

"तो म्हणाला, त्या तुझ्या माफीवर मी इतकी वर्षं झोपलो. ती खोटी असेल तर सांग, पण मग मी झोपू कशाच्या जोरावर? रडत होता गं. म्हाताऱ्या माणसाला मी काय सांगणार? तू त्याला सवय लावून ठेवलीस." आत्याने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं.  "उभ्या जन्मात मी खोटं बोलले नव्हते. याच एका गोष्टीचा मला ताठा होता. सगळं गाव ओळखतं, चिमण्यांची स्तामाता वाकडं बोलेल पण खोटं बोलायची नाही. आज सगळ्यांच्या देखत बोलले. तुला सवय आहे, म्हणून विचारते. खोटं बोलून झाल्यावर माणसाने पुढे काय करायचं असतं?"

अँथियाला उत्तर ठाऊक होतं. माणूस एखादी खोली भाड्याने घेतो, टेबल भिंतीला लावतो आणि हे सगळं लिहून काढतो. हा चढ, तोंड पुसणारं रुमालाचं टोक, दातांनी उपटलेलं बूच. आत्या बोलत होती तेव्हाच तिच्या मनात त्यातली पहिली दोन वाक्यं जुळून झाली होती, आणि ती चांगली होती.

तिने मान वर केली नाही. आत्या थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभी राहिली, मग गुडघ्यावर हात टेकून पुढे चालू लागली.